भार उचलणारी यंत्रे : विजेची आणि मिश्र शक्तीची



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्यांच्या पंक्तीला आज आम्ही धुळीने माखलेले एक पिवळे यंत्र आणून बसवीत आहोत. याचे कुणास नवल वाटले तर त्यात त्याचा दोष नाही. परंतु आपल्या गावाचा रस्ता, नवे रुग्णालय, पाण्याची टाकी आणि आपण ज्या घरात राहतो ते घर या सर्वांची खडी आणि वाळू आज याच यंत्राने उचललेली असते. त्याचा धूर आपल्या मुलांच्या शाळेच्या खिडकीतून आत येतो, आणि त्याला लागणाऱ्या तेलाचा पैसा शेवटी आपल्याच घरपट्टीतून आणि घराच्या किमतीतून वसूल होतो. तेव्हा हे यंत्र पुढे कशावर चालावे, हा प्रश्न केवळ ठेकेदाराचा नाही. तो थोडासा आपलाही आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. आपल्याकडे माती उकरणाऱ्या कोणत्याही पिवळ्या यंत्रास ‘जेसीबी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पुढे बकेट आणि मागे लांब हात असलेले जे यंत्र आपण गल्लीबोळांत पाहतो ते बॅकहो लोडर होय. आज आम्ही बोलणार आहोत ते त्याच्या थोरल्या भावंडाविषयी, म्हणजे चाकांच्या लोडरविषयी. चार मोठी चाके, कमरेत वळणारे अंग आणि पुढे दोन-तीन घनमीटरांची बकेट असे त्याचे रूप असते. खडीच्या क्रशरवर, काँक्रीट मिसळण्याच्या प्लँटवर, बंदरात, कोळशाच्या आवारात आणि साखर कारखान्यात बगॅसच्या ढिगाऱ्यापाशी तो दिसतो. घमेले आणि फावडे घेतलेली शंभर माणसे दिवसभरात जे काम करतील, ते हा गडी न्याहारीच्या आत उरकतो.

त्याचे काम पाहावयास सोपे आहे. तो ढिगात घुसतो, बकेट भरतो, मागे येतो, वळून ट्रककडे पुढे जातो, माल ओततो, पुन्हा मागे येतो आणि पुन्हा ढिगाकडे वळतो. या एका फेरीला अर्धे-पाऊण मिनिट लागते. तासाला पंचाहत्तर फेऱ्या धरल्या, आणि एका फेरीत चार वेळा दिशा बदलते हे लक्षात घेतले, तर तासाभरात तीनशे वेळा सतरा-अठरा टनांचे धूड वेग घेते आणि थांबते. महामार्गावरील ट्रक एकदा वेग घेतो आणि तासभर तसाच जातो. लोडरचे आयुष्य मात्र सगळे निघण्यात आणि थांबण्यात जाते. आज जी तुलना आम्हाला करावयाची आहे, तिचे मूळ या एका गोष्टीत आहे.

आता या धावपळीत तेल कोठे जाते ते पाहू. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट विजेइतकी शक्ती साठलेली असते. चांगल्यात चांगले इंजिन तिच्यापैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास कामी आणते, उरलेली उष्णता होऊन हवेत जाते. पुढे इंजिन आणि चाके यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा एक मध्यस्थ असतो. दोन पंखे समोरासमोर तेलात बुडविले आहेत, एक फिरला म्हणजे तेलाच्या लोटाने दुसरा फिरतो, असे त्याचे स्वरूप समजा. हा मध्यस्थ मोठा सहनशील आहे. बकेट ढिगात रुतली आणि चाके जवळजवळ थांबली तरी तो इंजिनाला बंद पडू देत नाही. पण त्या क्षणी इंजिनाची बहुतेक शक्ती केवळ तेल तापविण्यात खर्च होते. त्यानंतर ब्रेकचा नंबर लागतो, कारण प्रत्येक वेळी थांबताना मिळविलेला वेग उष्णता होऊन वाया जातो. शिवाय ट्रकची वाट पाहत असताना इंजिन चालूच असते. या चार गळत्यांमुळे डिझेलच्या शक्तीपैकी फारच थोडा अंश प्रत्यक्ष खडी उचलण्यास उरतो.

या गळत्या बुजविण्याचे दोन मार्ग आज पुढे आले आहेत. इंजिन ठेवून त्याच्या जोडीला वीज आणणे हा मिश्र अथवा हायब्रिड मार्ग, आणि इंजिन काढूनच टाकून बॅटरी किंवा केबल यांवर सगळे सोपविणे हा विजेचा मार्ग. ‘हायब्रिड’ हा शब्द महाराष्ट्राला प्रथम ज्वारीने शिकविला. १९६४ साली सी.एस.एच.-१ हे संकरित वाण आले, आणि पुढे खेड्यापाड्यांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी हा शब्द बसला. उत्पन्न अधिक, पण चवीला आणि कडब्याला जुन्या ज्वारीची सर नाही, अशी तक्रारही त्याबरोबरच आली. यंत्रातील हायब्रिडविषयी आपण तीच सावध वृत्ती ठेवली तर बरे.

यंत्रांतला संकरही तसा नवा नाही. आपल्या रेल्वेचे डिझेल इंजिन आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ पासून बाहेर पडलेली ती इंजिने वस्तुतः डिझेल-विद्युत होती. आत डिझेल इंजिन जनित्र फिरवी, आणि चाके फिरविण्याचे काम विजेच्या मोटारी करीत. हीच कल्पना अमेरिकेतील आर. जी. लटुर्नो या यंत्रकाराने माती उचलण्याच्या यंत्रांत आणली आणि चाकाच्या पोटातच विजेची मोटार बसविली. त्याच्या नावाच्या कंपनीचा एल-२३५० हा प्रचंड लोडर याच तत्त्वावर चालतो आणि एका बकेटीत सुमारे सत्तर टन माल उचलतो. ती कंपनी पुढे जॉय ग्लोबलकडे गेली, आणि जॉय ग्लोबल २०१७ साली जपानच्या कोमात्सूने विकत घेतली.

या यंत्रांत टॉर्क कन्व्हर्टर नाही. म्हणून ढिगात रुतल्यावर तेल तापविण्याची पहिली मोठी गळती बंद होते. इंजिन जवळजवळ एकाच गतीने, म्हणजे त्याला मानवेल अशा गतीने चालते. थांबण्याच्या वेळी तर आणखी एक उलटी क्रिया घडते. चाके मोटारीला फिरवू लागतात, मोटार जनित्र बनते आणि वेगाची वीज होते. मुंबईच्या आजच्या लोकल गाड्या स्टेशनात शिरताना हेच करतात आणि ती वीज वरच्या तारेत परत पाठवितात. लोडरला वर तार नाही. मग त्या विजेचे करावयाचे काय? या प्रश्नाची जी निरनिराळी उत्तरे निघाली, त्यांतून मिश्र लोडरांचे निरनिराळे प्रकार झाले.

अमेरिकेतील जॉन डीअर कंपनीच्या ६४४-के हायब्रिडमध्ये चाके फिरविण्यासाठी वीज साठविणारी बॅटरीच नाही. थांबताना निघालेली वीज जनित्राला उलट मोटारीसारखे फिरविते, आणि इंजिनावरचा भार तेवढा हलका होतो. कॅटरपिलरचा ९८८-के एक्सई हा लोडरही बॅटरीवाचून विजेच्या मोटारीने चालतो, आणि जुन्या यंत्रापेक्षा तो सरासरी २५ टक्के अधिक कार्यक्षम असल्याचा कंपनीचा दावा आहे. व्होल्वो कंपनीने २०१६ साली एलएक्स-१ नावाचा प्रायोगिक लोडर पुढे आणला, त्यात मात्र बॅटरी आहे, चाकांवर मोटारी आहेत आणि इंजिन लहान आहे. कॅलिफोर्नियात कचऱ्याच्या आवारात त्याची प्रत्यक्ष परीक्षा झाली, तेव्हा इंधनाच्या कार्यक्षमतेत सरासरी ५० टक्के सुधारणा आढळली. यावरून ध्यानात येईल की ‘हायब्रिड’ ही एकच पाटी निरनिराळ्या दुकानांवर लागलेली आहे. पंचवीस टक्के आणि पन्नास टक्के यांत फार अंतर आहे. म्हणून ग्राहकाने पाटी न वाचता आत बॅटरी आहे की नाही, असल्यास केवढी आहे, आणि बकेट उचलणारे पंप कशावर चालतात, हे विचारले पाहिजे.

आता निव्वळ विजेच्या यंत्राकडे वळू. हाही प्रकार नवा नाही. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली आली आणि विजेची १९०७ साली. बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. त्या काळची वीज तारेला बांधलेली होती, आणि रुळांवरून जाणाऱ्या वाहनाला ते बंधन जाचक नव्हते. विदर्भातील वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या भूमिगत खाणींत आजही विजेचे लोडर कोळसा भरतात. त्यांना साइड डिस्चार्ज लोडर म्हणतात. ते पाठीमागे जाड केबल ओढीत चालतात आणि त्यांत बॅटरी नसते. खाणीत स्फोटक वायूची भीती, आणि आत गेलेला धूर बाहेर काढण्यासाठी पंख्यांचा अवाढव्य खर्च. तेथे विजेचा विचार पर्यावरणाचे नाव निघण्याच्या कितीतरी आधी झाला, कारण तेथे माणसाला श्वास घ्यावयाचा होता. तसेच गोदामांतले फोर्कलिफ्ट. धान्याच्या, औषधांच्या आणि शीतगृहाच्या बंद जागेत ते दशकानुदशके बॅटरीवर चालत आले आहेत. तेथे बॅटरीचे ओझे अडचण होत नाही, उपयोगी पडते. पुढे माल उचलला म्हणजे मागचा तोल राखावयास वजन लागतेच, ते बॅटरीने आयते मिळते.

लोडरलाही असे मागचे वजन हवे असते. म्हणून लोडर हा बॅटरीला मानवणारा प्राणी आहे. मोटारगाडीत दोन-अडीच टनांची बॅटरी घालता येणार नाही, पण सतरा टनांच्या लोडरच्या पाठीशी ती सहज बसते. चीनमध्ये हे फार वेगाने घडून आले. तेथे २०२४ साली विकल्या गेलेल्या सुमारे एक लाख आठ हजार लोडरांपैकी दहा हजारांहून अधिक विजेचे होते, म्हणजे दहांतला एक. आदल्या वर्षी हाच आकडा तीन-साडेतीन हजारांच्या घरात होता. हे लोडर मुख्यतः गेले ते पोलाद कारखान्यांत, बंदरांत आणि काँक्रीटच्या प्लँटांवर, जेथे यंत्र रोज त्याच आवारात राहते, दोन-तीन पाळ्यांत चालते आणि विजेची मोठी जोडणी आधीपासून असते.

दुसरे एक उदाहरण स्वीडनमधले आहे. गोथेनबर्ग शहराजवळ विकान क्रॉस नावाची दगडाची खाण आहे. तेथे २०१८ साली व्होल्वो आणि स्कान्स्का या कंपन्यांनी दहा आठवडे एक प्रयोग केला. खाणीतले जवळजवळ सगळे काम विजेवर नेण्याचा तो प्रयोग होता. पोकलँडसारखा मोठा एक्स्कॅव्हेटर क्रशरच्या तोंडाशी जागेवर काम करीत असे, म्हणून त्याला केबल जोडली. दगड वाहणाऱ्या लहान गाड्या ठराविक वाटेने ये-जा करीत, म्हणून त्या बॅटरीवर चालविल्या. आणि ढीग सारखे करीत आवारभर हिंडणारा जो लोडर, तो एलएक्स-१ हा मिश्र लोडर ठेवला. प्रयोगाच्या अखेरीस कार्बनचे उत्सर्जन ९८ टक्क्यांनी आणि ऊर्जेचा खर्च ७० टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यांनी जाहीर केले. आम्हाला त्या टक्क्यांपेक्षा त्यामागची वाटणी अधिक शिकण्यासारखी वाटते. विजेचा डंका वाजविणाऱ्या त्या प्रयोगातही एकच तत्त्व सर्व यंत्रांवर लादलेले नव्हते. जो जागेवर राहतो त्याला केबल, जो ठराविक फेऱ्या मारतो त्याला बॅटरी आणि जो हिंडतो त्याला मिश्र शक्ती, असे काम पाहून शक्ती दिलेली होती.

आता आपल्या गावचा हिशेब मांडू. पुढील आकडे हिशेबाच्या सोयीसाठी धरलेले आहेत, ज्याने त्याने त्यांत आपले घालावेत. तीन घनमीटर बकेटीचा लोडर तासाला १२ लिटर डिझेल पितो असे धरा. लिटरला ९० रुपये दराने तासाचे १०८० रुपये झाले. तेच काम करावयास विजेच्या लोडरला, भरतानाची घट धरून, ४० युनिट लागतात असे धरू. युनिटला १० रुपये दराने ४०० रुपये झाले. तासाला ६८० रुपये वाचले. मिश्र लोडरने २० टक्के तेल वाचविले तर तासाला २१६ रुपये वाचतील. येथवर वीज स्पष्टपणे पुढे आहे.

पण यंत्राची किंमत यावयाची आहे. विजेच्या लोडरला डिझेलच्या लोडरपेक्षा ३० लाख रुपये अधिक पडले असे समजा. जो कारखाना वर्षाला २५०० तास लोडर चालवितो, त्याचे वर्षाला १७ लाख वाचतील आणि दोन वर्षांच्या आत जादा पैसा फिटेल. पण ज्याचे यंत्र भाड्याने जाते, पावसाळ्यात उभे राहते आणि वर्षाला जेमतेम ८०० तास चालते, त्याचे वाचतील साडेपाच लाखांच्या आतच. ३० लाखांवर दहा-बारा टक्के व्याज म्हटले तर तीन-साडेतीन लाख केवळ व्याजात गेले. मुद्दल फिटावयास त्याला पंधरा वर्षे लागतील, आणि तोपर्यंत बॅटरी म्हातारी झालेली असेल. यंत्र तेच आणि हिशेब तोच असूनही एक मालक तरतो आणि दुसरा बुडतो. तालुक्याच्या गावी कर्ज काढून एकच यंत्र घेणारा जो तरुण आहे, त्याला विजेच्या यंत्राची जाहिरात दाखविणाऱ्याने हा तासांचा प्रश्न आधी विचारला पाहिजे. त्या प्रश्नावर एका कुटुंबाची जमीन गहाण पडावयाची की नाही, हे अवलंबून असते.

एक गोष्ट मात्र डिझेलच्या बाजूनेही बदलते आहे. बांधकामाच्या यंत्रांना भारतात १ एप्रिल २०२१ पासून भारत स्टेज चार आणि १ जानेवारी २०२५ पासून स्टेज पाच हे धुराचे नियम लागू झाले. त्यामुळे नव्या डिझेल यंत्राला काजळी गाळणारी चाळण आणि इतर साधने बसवावी लागतात, आणि त्याची किंमत वाढते. दुसरीकडे बॅटऱ्यांच्या किमती उतरत आल्या आहेत. दोघांतली दरी याप्रमाणे दोन्ही बाजूंनी भरून येत आहे. म्हणून आजचा हिशेब पाच वर्षांनी पुन्हा मांडावा लागेल.

यानंतर धुराचा हिशेब, आणि येथे आपण थोडे सावरून बसले पाहिजे. एक लिटर डिझेल जळले म्हणजे सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. बारा लिटरचे झाले ३२ किलो. भारतात आज तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश कोळशावर तयार होते, आणि सरासरीने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. चाळीस युनिटांचे झाले २८ किलो. एकीकडे ३२, दुसरीकडे २८. स्वीडनमध्ये जे ९८ टक्के कमी झाले, ते आपल्याकडे फार तर आठवा हिस्सा कमी होईल. यंत्र तेथेही तसेच होते. फरक तेथल्या विजेत आहे, कारण ती मुख्यतः पाण्यापासून आणि अणूपासून तयार होते.

म्हणजे आपल्या गावातला धूर गेला कोठे? त्यातला काही चंद्रपूरला गेला. तेथील महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे, आणि २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली होती. पुण्यामुंबईच्या रस्त्यावरचा लोडर स्वच्छ झाला म्हणून आपण टाळ्या वाजवीत असताना चंद्रपूरच्या माणसाला काय वाटेल, याचा विचार सभ्य माणसाने करावा असे आम्हास वाटते.

मग विजेचा लोडर व्यर्थ का? तसे आमचे म्हणणे नाही, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की उंच धुराड्यातून निघणारा धूर आणि तोंडासमोर निघणारा धूर यांत भेद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला मनुष्यास निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. लोडरच्या केबिनमध्ये बसणारा चालक, त्याच्या मागेपुढे वावरणारा हेल्पर, वजनकाट्यावरचा कारकून आणि शेजारच्या वस्तीतली मुले हा धूर सर्वांत जवळून घेतात. त्यांना विजेच्या यंत्राचा लाभ पहिल्या दिवसापासून मिळतो. आवाज आणि हादरेही कमी होतात. दहा तास यंत्रावर बसून घरी आल्यावर मुलांशी बोलण्याइतके कान आणि डोके शाबूत राहणे, याची किंमत कोणत्या रकान्यात लिहावी हे आमच्या हिशेबनीसाला अजून ठाऊक नाही. दुसरे कारण असे की डिझेलचा लिटर दहा वर्षांनीही तेवढाच धूर देईल, पण वीज मात्र जसजशी सूर्यापासून आणि वाऱ्यापासून अधिक होईल, तसतसा जुनाच लोडर दरवर्षी अधिक स्वच्छ होत जाईल.

एका फसगतीचा इशारा मात्र दिला पाहिजे. पुष्कळ बांधकामांवर विजेची जोडणी अपुरी असते आणि डिझेलचे जनित्र चालते. कोणी विजेचा लोडर आणून तो या जनित्रावर भरू लागला तर काय होईल? एक लिटर डिझेलमागे जनित्र तीन-सव्वातीन युनिट देते. चाळीस युनिटांना बारा-तेरा लिटर लागले. साधा डिझेल लोडर जेवढे तेल जाळीत होता तेवढेच, किंबहुना थोडे अधिक, जळाले, आणि वर यंत्रासाठी ३० लाख रुपये जादा दिले! अशा ठिकाणी मिश्र लोडर हाच शहाणपणाचा. त्याचे जनित्र त्याच्या पोटातच असते, ते कामापुरतेच चालते, आणि थांबतानाची वीज परत मिळते ती वेगळीच. जोडणीचा अंदाजही आधी घ्यावा. तीनशे युनिटांची बॅटरी जेवणाच्या दीड तासाच्या सुट्टीत भरावयाची तर दोनशे किलोवॉटचा भार लागतो, म्हणजे घरगुती वातानुकूलनाची शंभरावर यंत्रे एकाच वेळी चालू करण्यासारखे झाले. त्यासाठी बहुधा स्वतंत्र रोहित्र बसवावे लागते. यंत्राची किंमत विचारणाऱ्याने रोहित्राची किंमत न विचारणे म्हणजे बैल घेऊन गोठा विसरण्यासारखे आहे.

तेव्हा कोणाला काय योग्य? साखर कारखान्याचे उदाहरण घ्या. ज्या कारखान्यात बगॅसवर सहवीजनिर्मिती होते, तेथे वीज घरची असते. लोडर आवाराबाहेर जात नाही. गाळपाच्या हंगामात तो रात्रंदिवस राबतो. विजेच्या लोडरला याहून चांगले सासर महाराष्ट्रात मिळणे कठीण. फक्त एक काळजी घ्यावी. चोवीस तास काम असेल तर भरण्यासाठी वेळ ठरवून द्यावी, नाहीतर गाडी बॅटरीपाशी आणि बगॅस गव्हाणीपाशी तुंबेल. काँक्रीटच्या प्लँटला आणि बंदराच्या आवारालाही हेच लागू आहे. वीज पोचलेल्या आणि मोठ्या चालणाऱ्या खडी क्रशरला तासांचा हिशेब करून विजेकडे वळता येईल, आणि दुपारच्या सुट्टीत बॅटरी भरली तर छपरावरच्या सौर पत्र्यांचा उपयोग होईल. याउलट आज घाटात, उद्या कालव्यावर आणि परवा तिसऱ्या तालुक्यात जाणाऱ्या रस्त्याच्या कामावर मिश्र लोडर अधिक बरा, आणि तो परवडत नसेल तर नव्या नियमांत बसणारा साधा डिझेल लोडर नीट निगा राखून चालवावा. ट्रकची वाट पाहताना इंजिन बंद करण्याची शिस्त लावली तर त्यातही तेल वाचते, आणि त्या शिस्तीला भांडवल लागत नाही.

राहता राहिली आपली, म्हणजे नागरिकांची गोष्ट. नगरपालिका आणि महानगरपालिका कामाच्या निविदा काढतात, त्या आपल्या पैशाच्या असतात. शाळा आणि रुग्णालये यांच्या शेजारच्या कामांना विजेची यंत्रे चालविणाऱ्यास काही गुण अधिक द्यावेत, आणि अशा कामावर तात्पुरती विजेची जोडणी ठेकेदारास वेळेवर मिळवून द्यावी, एवढे मागणे आपण करू शकतो. यांतली पहिली अट घालून दुसरी जबाबदारी टाळली, तर कोपऱ्यात ताडपत्रीखाली जनित्र धडधडू लागेल आणि कागदावर मात्र काम स्वच्छ ठरेल. तसेच सर्व यंत्रे अमुक तारखेपासून विजेचीच हवीत, असा सरसकट फतवाही आपण मागू नये. त्या फतव्याचा पहिला फटका मोठ्या कंपनीला बसणार नाही, एका यंत्राच्या मालकाला बसेल.

विजेचा चांगला की मिश्र चांगला, असा प्रश्न आम्हास या विषयाचे नाव निघाले की विचारला जातो, आणि एका शब्दात उत्तर मिळावे अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. आम्ही त्याला उलट तीन प्रश्न विचारतो. यंत्र वर्षात किती तास चालणार? रात्री ते कोठे उभे राहणार? आणि तेथली वीज कोठून येणार? ही तीन उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याला आमच्या सल्ल्याची फारशी गरज उरत नाही. येथे जमलेल्यांपैकी जे ठेकेदार, कारखान्यांचे संचालक किंवा नगरसेवक असतील त्यांनी, आणि ज्यांच्या घरातले कोणी अशा यंत्रावर कामाला असेल त्यांनीही, हे प्रश्न आपापल्या जागी विचारून पाहावेत.